बोट लेनची पाटी

जे. एम. जे.

३, मरीन परेड, कारिगमोर, डब्लिन
सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

श्री. लोर्कन प्रंटी,
चिटणीस, कारिगमोर स्थानिक इतिहास मंडळ यांस,

काल, रविवार दिनांक ८ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, साडेदहाची प्रार्थना आटोपून निम्मं कारिगमोर धक्क्यावर जमलेलं असताना, आपण पडद्याची दोरी ओढलीत आणि ग्रॅनाइटमध्ये कोरलेलं एक खोटं सगळ्यांसमोर उघडं केलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घड्याळ पाहिलं. चाळीस वर्षं सरकारी खात्यात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात गेली, त्यामुळे वेळ टिपून ठेवायची सवय आहे.

पाटीवरचा मजकूर आपल्याला पाठ असेलच, तरी उतरवून देते. "या ठिकाणी बोट लेनमधील मच्छीमारांची अकरा घरे होती. रहिवाशांच्या स्वतःच्या विनंतीवरून ती १९६२ साली पाडण्यात आली व कुटुंबांना अधिक आरोग्यदायी वस्तीत हलवण्यात आले."

स्वतःच्या विनंतीवरून. त्या अकरा घरांतल्या एकाही माणसानं असली विनंती केलेली नव्हती. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. माझ्या वडिलांचं मेन स्ट्रीटवर औषधांचं दुकान होतं, आणि बोट लेनमधली डिम्प्ना टॅलन माझी मैत्रीण होती. आजही आहे, दर नाताळला आमची कार्डं येतात-जातात. तिची आई दर शुक्रवारी बांगडा मासळीची टोपली घेऊन आमच्या मरीन परेडवरच्या घरांच्या मागच्या दारांवरून फिरायची. आठवड्याचे सहा दिवस परेडला बोट लेनचा वास सोसत नसे. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या एका दिवशी याच बायका मागचं दार उघडं टाकून तिची वाट बघत उभ्या राहायच्या. त्या बाईला घरातून काढून बसला दोन तास लागतील अशा ठिकाणी, समुद्राचा थेंबही न दिसणाऱ्या वसाहतीत नेऊन टाकलं. त्यांच्याबरोबर होडी गेली नाही. तिकडे होडीचं काय करणार?

आपण कारिगमोरला येऊन अकरा वर्षं झाली असं ऐकते, आणि राहता त्या घरांच्या जागेवर बांधलेल्या इमारतीत. माझा अंदाज चुकत नसेल तर आपलं स्वयंपाकघर टॅलनांच्या चुलीवरच आहे. निदान त्या चुलीची तरी थोडी लाज बाळगायची होती.

माझ्या मागण्या दोन. पाटी उतरवावी. आणि घरं पाडा असा अर्ज ज्यांनी केला, तो शोधून त्यांची नावं छापावीत. एकही नाव गाळू नये, मग ते कितीही मोठ्या घरातलं असो.

शुक्रवार दिनांक २० सप्टेंबर, सायंकाळी पाचपर्यंत मला लेखी उत्तर हवं. "विचार चालू आहे" हे उत्तर धरलं जाणार नाही. ते वाक्य मी स्वतः हजारो वेळा लिहिलं आहे आणि त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

अट्रॅक्टा मीहन (कुमारी)

---

५, हार्बर कोर्ट, कारिगमोर
१६ सप्टेंबर २०१९

आदरणीय कुमारी मीहन,

आपलं पत्र मी समितीत वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "उत्तर दे बाबा लवकर, नाहीतर ती स्वतः येईल." म्हणून मुदतीच्या चार दिवस आधीच लिहितो आहे.

चूक माझी आहे. पाटीवरचं वाक्य मी १९७५ च्या चर्चच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेतून जसंच्या तसं उचललं. त्या पुस्तिकेत ते कुठून आलं हे विचारायचं मला सुचलं नाही. छापलेलं होतं, म्हणून खरं मानलं. माझ्या मूळ गावी, कॅव्हनमध्ये, आमच्या शेजारपाजारी असं कोणी केलं असतं तर मीच त्याला हसलो असतो.

काउंटीच्या दफ्तरखान्यात त्या काळच्या आरोग्य विभागाची कागदपत्रं आहेत. पुढच्या आठवड्यात रजा काढून जातो. आपल्या मैत्रिणीचा पत्ता मिळाला तर त्यांनाही लिहीन. त्यांची परवानगी असेल तरच.

स्वयंपाकघराविषयी आपण लिहिलंत ते वाचल्यापासून तिथे चहा ठेवताना अवघडल्यासारखं होतं. बायको विचारते, "आता तिथे उभं राहून काय बघतोस?" तिला अजून सांगितलेलं नाही.

एक लहानसा प्रश्न. आपल्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तीन अक्षरं आहेत. मला आधी वाटलं फाइलचा क्रमांक आहे.

आपला,
लोर्कन प्रंटी

---

जे. एम. जे.

३, मरीन परेड
१८ सप्टेंबर २०१९

श्री. प्रंटी,

उत्तर वेळेत आलं, आणि त्यात चूक कबूल केलेली होती. एकाच पाकिटात दोन्ही गोष्टी मिळायची मला सवय नाही. आभार.

फाइलचा क्रमांक नव्हे. जीझस, मेरी, जोसेफ. आमच्या शाळेतल्या सिस्टर कोलंबानस ही अक्षरं कोपऱ्यात असल्याशिवाय कागदाला हात लावत नसत. निबंध असो, गणित असो, की घरी उशीर झाल्याची चिठ्ठी. त्र्याहत्तराव्या वर्षी हात आपोआप तिकडे जातो. आता तो सुधारायचा नाही.

आमच्या शाळेला दोन फाटकं होती हे आपल्या पुस्तिकांत नसेल. फी भरणाऱ्या मुली सी रोडच्या फाटकानं, बोट लेनच्या मुली गल्लीच्या फाटकानं. नन त्याच, पण मधे भिंत. डिम्प्ना आणि मी भेटायचो ते बायकांच्या पोहायच्या जागी. समुद्राला फाटक नव्हतं. परेडवरून बोट लेनच्या घरात पाय ठेवलेली मी एकटीच मुलगी असेन. त्यांच्या टेबलाशी बसून मी खेकडे फोडून खाल्ले आहेत. घरी सांगितलं असतं तर आईनं मला उकळत्या पाण्यात घातलं असतं.

म्हणूनच मला राग येतो. मी ते घर पाहिलेलं आहे.

नीट लिहायला शिकले ते त्या शाळेतच. १९६१ साली निबंधाचं पदक मला मिळालं. निळ्या फितीचं, अजून कपाटात आहे. तेव्हा माझ्याकडून मोघम पत्राची अपेक्षा ठेवू नका आणि मलाही मोघम उत्तर पाठवू नका.

डिम्प्नाचा पत्ता सोबत. ती विधवा आहे, आडनाव माहेरचंच लावते, गुडघे दुखतात, पण जीभ उत्तम चालते. माझं नाव सांगा.

अट्रॅक्टा मीहन

---

हार्बर कोर्ट
२ ऑक्टोबर २०१९

आदरणीय कुमारी मीहन,

सापडला.

आरोग्य अधिकाऱ्यांना केलेला अर्ज, तारीख ९ ऑक्टोबर १९६१. त्रेचाळीस सह्या, सगळ्या मरीन परेड आणि मेन स्ट्रीटवरच्या. बोट लेनमधली एकही नाही. म्हणजे आपलं म्हणणं अक्षरशः खरं आहे. छायाप्रत सोबत जोडली आहे. पहिली सही आमच्या अध्यक्षांच्या वडिलांची. तिसरी आपल्या वडिलांची. हे लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. पण एकही नाव गाळू नका असं आपणच म्हणाला होतात.

मजकूर भयंकर चांगला लिहिला आहे. दुसरा परिच्छेद पाहा: "अकरा घरांस मिळून एकच नळ आहे. एका घरात वृद्ध आजी पडद्यामागे खोकत असते, व तिच्यापासून चार हातांवर, टेबलाखाली, मासळीच्या पेटीत तान्ह्या मुलास निजवले जाते. हे मी ऐकलेले नसून पाहिलेले आहे." दफ्तरखान्यातला माणूस म्हणाला, "ही एक पेटी नसती तर अर्ज कपाटात पडून राहिला असता." मार्जिनमध्ये तेवढ्या ओळीशेजारी लाल पेन्सिलीनं दोन रेघा आहेत.

आता खरी गंमत. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी पात्यानं खरवडलेलं दिसतं. प्रकाशाकडे धरलं की तीन अक्षरं वाचता येतात. आपण सांगितलं नसतं तर मला ती कळलीही नसती. म्हणजे मजकूर सही करणाऱ्यांपैकी कोणाचा नाही. तो आपल्या शाळेत लिहिला गेला. सिस्टर कोलंबानस यांनी, असा माझा तर्क आहे. आपण हस्ताक्षर ओळखाल का?

एक प्रत आपल्या मैत्रिणीलाही आजच पाठवली आहे.

आपला,
लोर्कन प्रंटी

---

३, मरीन परेड
२१ ऑक्टोबर २०१९

श्री. प्रंटी,

मध्यंतरी प्रकृती बरी नव्हती.

हस्ताक्षराबद्दल काही सांगता येणार नाही. आम्हा सगळ्यांना एकच वळण शिकवलं होतं. साठ मुली आणि बारा नन सारखंच लिहायच्या. सिस्टर कोलंबानस जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्यावर तर्क करू नये.

शांतपणे विचार करता, इतक्या वर्षांनी हे उकरण्यात कोणाचं भलं आहे असं मला वाटत नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांची मुलं-नातवंडं इथेच राहतात. पाटीवरून "स्वतःच्या विनंतीवरून" एवढे शब्द घासून काढलेत तरी पुरे. नावं छापायची गरज नाही.

डिम्प्नाला पुन्हा लिहू नये. तिला त्रास होईल.

उत्तराची घाई नाही.

अ. मीहन

---

हार्बर कोर्ट
२५ ऑक्टोबर २०१९

आदरणीय कुमारी मीहन,

आपली प्रकृती आता ठीक असेल अशी आशा करतो. आपलं पत्र ऐकून समितीला फार हायसं वाटलं. अध्यक्षांनी तर लगेच दगड घासणाऱ्याला फोन लावला. मलाच हायसं वाटलेलं नाही, आणि का ते सांगायला हवं.

श्रीमती टॅलन यांना मी पुन्हा लिहिलं नाही. पण माझ्या पहिल्या पत्राचं त्यांचं उत्तर आलं आहे. एकच ओळ आहे: "कोणी लिहिलं ते ॲटीला विचारा, तिला माहीत आहे."

त्यांना काय म्हणायचं आहे हे मला कळलं नाही, असं मी समितीत सांगितलं. आपण काही सांगितलंच पाहिजे असं नाही. या वेळच्या आपल्या पत्रावर कोपऱ्यातली तीन अक्षरं नव्हती, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

लोर्कन प्रंटी

---

१ नोव्हेंबर २०१९

ॲटी,

तुझ्या त्या चिटणीसाचं पत्र आलं. इतकं जपून लिहिलं होतं की मला वाटलं कोणीतरी वारलं. मग कागद उघडला. बघितल्याबरोबर मी मुलीला म्हटलं, "हे बघ, आपल्या घराच्या मृत्यूचा दाखला." ती म्हणाली, "मम्मी, किती सुंदर अक्षर आहे." तुझ्या पदकाला आणखी एक फीत लावून घे.

मला आज कळलं असं समजू नकोस. १९६१ च्या नाताळाआधी कौन्सिलची बाई आली होती. आमच्या दारात उभी राहून तिनं हा कागद मोठ्यानं वाचला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. आजी, खोकला, पेटी. परेडवरच्यांपैकी आमच्या घरात आत आलेली एकच मुलगी होती. आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती मला मारेल. ती एवढंच म्हणाली, "तिला जेवायला तूच आणलीस."

त्या बाईनं आमच्या तान्ह्याला, मालाकीला, तपासणीला म्हणून नेलं. सहा आठवडे ठेवून घेतला. त्याला काही झालं नव्हतं, गुटगुटीत होता. परत आला तेव्हा आईला ओळखेना. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे, बस चालवतो, आजा आहे, त्याला यातलं काही आठवत नाही. आईला आठवायचं. लेकराला खोक्यात ठेवणारी बाई म्हणून तिचं नाव कौन्सिलच्या कागदात आहे, हे तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. इकडे आल्यावर तिनं मासे विकले नाहीत. विकत घेतले पण नाहीत.

तू म्हणशील, मग एवढी वर्षं कार्डं कशाला पाठवलीस? मी वाट बघत होते. दर वर्षी पाकीट उघडताना वाटायचं, या वेळी लिहिलं असेल. तू लिहायचीस, "लवकरच भेटू." दोन बस बदलायच्या होत्या ॲटी. सत्तावन्न वर्षं.

तू जे लिहिलंस ते खोटं नव्हतं. नळ एकच होता. आजी खोकायची. मालाकी पेटीतच निजायचा. पण ती पेटी डॅडीनं रंधा मारून गुळगुळीत केली होती, आणि आपण दोघींनी ती निळी रंगवली होती. होडीचा उरलेला रंग. डाव्या बाजूला शिंपले चिकटवले ते तू. तुझ्या बोटांचा रंग जाईना म्हणून आईनं रॉकेलनं पुसून दिला, तुला घरी बोलणी बसू नयेत म्हणून.

तेवढं तू लिहिलं नाहीस.

डिम्प्ना

---

३, मरीन परेड, कारिगमोर
सोमवार, ११ नोव्हेंबर २०१९

श्री. लोर्कन प्रंटी,
चिटणीस, कारिगमोर स्थानिक इतिहास मंडळ यांस,

माझं दिनांक २१ ऑक्टोबरचं पत्र मी मागे घेत आहे. ते फाडू नका, मंडळाच्या दफ्तरात ठेवा. अशा वेळी माणूस कसं लिहितो त्याचा तो चांगला नमुना आहे.

अर्जाचा मजकूर सिस्टर कोलंबानस यांचा नाही. तो माझा आहे. मी पंधरा वर्षांची होते. "सार्वजनिक आरोग्याविषयी अधिकाऱ्यांस पत्र" असा निबंधाचा विषय होता. सिस्टर म्हणाल्या, "ऐकीव लिहू नका, पाहिलेलं लिहा." इतर मुलींनी गटारं आणि माश्या यांवर लिहिलं. माझ्याकडे सगळ्यांपेक्षा सरस मजकूर होता. पेटी निळी आहे हे लिहून मी खोडलं. रंग आला की वाचणाऱ्याला कीव येत नाही, हे त्या वयातही मला समजत होतं.

तो कागद पुढे कुठे गेला हे मला माहीत नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. शनिवारी, ३० सप्टेंबर १९६१ रोजी, चहाच्या वेळी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. वडिलांनी दुकानातल्या पात्यानं कोपऱ्यातली अक्षरं माझ्यासमोर खरवडली आणि म्हणाले, "शाबास. आमच्यापैकी कोणाला हे जमलं नसतं." मला आनंद झाला. अर्ज रवाना झाला तो ९ ऑक्टोबरला. मधल्या नऊ दिवसांत मी दोनदा डिम्प्नाबरोबर पोहायला गेले. तिनं माझी पाठ पुसून दिली. मी काही बोलले नाही.

त्यानंतर मी रागावू लागले. परेडवर, कौन्सिलवर, चर्चवर, शेवटी आपल्यावर. बोट लेनचा विषय निघाला की सगळ्यांत मोठा आवाज माझा. इतक्या मोठ्यानं ओरडणाऱ्या बाईला कोण विचारणार, की तू तेव्हा काय करत होतीस? आपल्या स्वयंपाकघराबद्दल मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. आपल्या पत्नीला तसं सांगावं, आणि तिथे निर्धास्त चहा करावा.

काल रविवारी मी दोन बस बदलून गेले. एक तास पन्नास मिनिटं लागतात. दोन तास हा माझा आकडा मी कधी न जाताच ठरवलेला होता. डिम्प्नानं दार उघडलं आणि काठीवर रेलून उभी राहिली. मग म्हणाली, "आत ये, थंडी आत येतेय." चहा दिला. बिस्किटं काढली नाहीत. कपाटात डबा दिसत होता, पण तिनं त्याला हात लावला नाही आणि ते योग्यच होतं. मी जे बोलायला गेले होते ते बोलले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. जिथे खोटं लिहिलंय तिथे सांग." म्हणून हे पत्र.

पदक मी तिच्या टेबलावर ठेवलं होतं. निघताना तिनं ते माझ्या कोटाच्या खिशात परत टाकलं. म्हणाली, "ने. तुझंच आहे ते."

माझ्या मागण्या दोन.

एक. आहे ती पाटी उतरवून तिच्या जागी नवी लावावी. दगडाचा खर्च माझा. मजकूर डिम्प्ना टॅलन यांनी वाचून मान्य केलेला आहे, तो असा:

"येथे बोट लेनची अकरा घरे होती. मरीन परेड व मेन स्ट्रीट येथील त्रेचाळीस जणांच्या अर्जावरून १९६२ साली ती पाडण्यात आली. येथील कोणीही तशी विनंती केली नव्हती. अर्जाचा मजकूर अट्रॅक्टा मीहन हिने लिहिला. ती या घरांत पाहुणी म्हणून जेवली होती. अर्जात उल्लेख केलेली बाळाची पेटी निळ्या रंगाची होती. तिच्यावर शिंपले होते."

समितीला शेवटचं वाक्य इतिहासाच्या दृष्टीनं अनावश्यक वाटेल. अध्यक्ष माझं नाव गाळायचा आग्रह धरतील, त्यांच्या वडिलांवर प्रश्न येऊ नये म्हणून. ते त्याला माझ्या वयाचा मान राखणं म्हणतील. दोन्हींतलं काहीही मान्य करू नये.

दोन. नव्या पाटीचा पडदा मालाकी टॅलन यांनी ओढावा. रविवारी त्यांना बसची पाळी असते, तेव्हा वार त्यांना विचारून ठरवावा, चर्चला विचारून नव्हे. त्या दिवशी जमलेल्या लोकांसमोर अर्ज पूर्ण वाचून दाखवला जाईल. तो मी वाचेन. एकदा तो टॅलनांच्या दारात मोठ्यानं वाचला गेला आहे. परेडनं तो अजून ऐकलेला नाही.

समितीचा निर्णय मला लेखी हवा, शुक्रवार दिनांक २९ नोव्हेंबर २०१९, दुपारी बारापर्यंत, अध्यक्षांच्या सहीनिशी. त्याची एक प्रत श्रीमती डिम्प्ना टॅलन यांना त्याच दिवशी टपालानं पाठवावी. "विचार चालू आहे" हे उत्तर धरलं जाणार नाही.

अट्रॅक्टा मीहन